बाल्कनीत लाइटच्या माळा लावताना या चुका टाळा

बहुतेक घरांत माळ ग्रिलच्या एका कोपऱ्यापासून बांधायला घेतात. शेवटच्या कोपऱ्याला पोचल्यावर कळतं की पिन इथे आणि पॉइंट हॉलमध्ये, सोफ्यामागे. मग एक्स्टेंशन येतं, वायर दारातून जाते आणि दार लावताना रोज चिमटते. म्हणून सुरुवात पॉइंटपासून करा. तिथून ग्रिलपर्यंतचं अंतर सुतळीने मोजा, मग सजावटीची लांबी ठरवा. झोके देत सोडायची असेल तर सव्वापट धरा: ४ मीटर ग्रिलला ५ मीटर माळ.

खोक्यावर आधी व्होल्टेज वाचा. थेट पिनवाली राइस माळ (तांदळाएवढ्या बारीक दिव्यांची) २३० व्होल्टवर चालते, यूएसबीवाली तांब्याच्या तारेची ५ व्होल्टवर. लोखंडी ग्रिल, कुंड्यांना घातलेलं पाणी आणि सतत हात लावणारी मुलं असतील तर ५ व्होल्टवालीच घ्या. वेल्डिंगच्या खरखरीत टोकावर २३० व्होल्टच्या माळेची वायर सोलली गेली, तर अख्ख्या ग्रिलमध्ये करंट उतरू शकतो. यूएसबीचा अ‍ॅडॅप्टर मात्र घरातच ठेवा. पावसाचा शिंतोडा त्याला चालत नाही. आणि पिन तुटली म्हणून वायरची उघडी टोकं काडीपेटीच्या काडीने सॉकेटमध्ये दाबणं आजच बंद करा. सैल टोक ठिणग्या टाकतं, सॉकेट तापून वितळतं. नवी टू-पिन काही रुपयांत मिळते.

तांब्याची तार उघडी दिसते, पण तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो. खिळ्याला पीळ दिला की तो खरवडतो, शेजारच्या दोन तारा टेकतात आणि माळ शॉर्ट होते. खिळे, स्टेपल नकोत. ३०-४० सेंमीवर केबल टाय लावा, तार जरा हलेल इतकाच आवळा. डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकट हुक टिकत नाहीत, कारण हुकाबरोबर रंगाची भुकटीच निघून येते. ते ऑइल पेंट, टाइल किंवा काचेवर लावा.

लावण्याआधी माळ जमिनीवर पसरून १५-२० मिनिटं चालू ठेवा. बिघाड तेव्हाच कळतो.

अर्धी पेटते, अर्धी बंद: राइस माळेत दिवे गटागटाने सिरीजमध्ये असतात, एक तुटला की गट जातो. पिन काढून बंद भागातला एकेक दिवा चाचपा. गंजलेला पाय किंवा सुटलेली तार बहुधा तिथेच सापडते. मेलेले दिवे कापून तारा जोडत गेलात, तर उरलेल्यांवर ताण वाढतो आणि तेही जातात.

टोकाकडे मंद: दोन यूएसबी माळा एकापुढे एक जोडल्यात. बारीक तारेत व्होल्टेज पडतं. प्रत्येकीला वेगळा पोर्ट द्या.

पॉवर बँकेवर आपोआप बंद: माळ फार कमी करंट ओढते, पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. मोबाइलचा चार्जर वापरा.

बटण बंद, तरी मिणमिणते: २३० व्होल्टच्या माळेत असं दिसलं, तर बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) असू शकतं, म्हणजे बंद करूनही वायरमध्ये फेज आहे. बटणातल्या इंडिकेटरमुळेही असं होतं. तोवर पिन काढून ठेवा आणि वायरमनकडून बोर्ड तपासून घ्या.

उतरवताना माळ कोपरावर गुंडाळू नका, पीळ बसून तार आतून तुटते. पुठ्ठ्याला दोन खाचा पाडून त्यावर सैल गुंडाळा आणि पिनचं टोक सगळ्यात वर ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी न उलगडताच लावून बघता येईल.