टेक्निशियन डायनॅमिक ग्रुपमध्ये आपोआप येत नव्हते, माझा अनुभव

एन्ट्रा आयडीत (मायक्रोसॉफ्टची युजर खाती सांभाळणारी सेवा) फील्ड टेक्निशियनचा डायनॅमिक ग्रुप केला, म्हणजे रूलमध्ये बसणारे युजर आपोआप आत येतात, रूल साधा, जॉब टायटल इक्वल्स 'फील्ड टेक्निशियन', पण 40 पैकी 9 जण काही केल्या येईनात. रूल परत लिहिला, दिवसभर थांबलो, हाताने ॲड करायला गेलो तर डायनॅमिक ग्रुपमध्ये ते चालतच नाही. डोकं उठलं नुसतं.

शेवटी रूलच्या पानावर व्हॅलिडेट रूल्स टॅब उघडला (युजर रूलमध्ये बसतो का ते इथे तपासता येतं), त्या 9 मधला एक युजर टाकला, नॉट इन ग्रुप! व्ह्यू डिटेल्समध्ये टायटलच जुळत नव्हतं. प्रोफाइल उघडून कर्सर एकेक अक्षर सरकवला तर 'फील्ड'नंतर दोन स्पेस, आमच्याच एक्सेलमधून आलेल्या. मग शीटमध्ये ट्रिम मारला, मधली जादा स्पेसही जाते त्याने, 9 जणांचं टायटल नव्याने भरलं, परत व्हॅलिडेट केलं, हिरवी टिक. या वेळी रूलला हातही लावला नाही, थोड्या वेळाने सगळे आत.