नागपुरात ज्युनिपर लावताय? आधी मातीचं बघा

नर्सरीतला हिरवागार ज्युनिपर (सुईसारख्या बारीक पानांचं सदाहरित झुडूप) घरी आणला की आपण उन्हाची काळजी करत बसतो. ऊन लागतंच त्याला, पण सकाळचं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा पंचेचाळिशीपार जातो, तेव्हा दुपारी हिरवी नेट बांधा आणि एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा झाडावर येऊ देऊ नका. खरा घात होतो तो आपल्या काळ्या मातीत. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, आणि फांद्या तपकिरी दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून जमिनीत लावायचं तर उंचवटा करून, मातीत जाड रेती आणि मुरूम भरपूर मिसळून. माझं मत विचाराल तर कुंडीच बरी; पावसाच्या झडीत उचलून छपराखाली तरी नेता येते. कूलरचं पाणी ठिबकतं तिथे मात्र ती ठेवू नका.

बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्या. उन्हाळ्यात पानं धुरकट, निस्तेज दिसली तर फांदीखाली पांढरा कागद धरून झटका. कागदावर बारीक ठिपके चालू लागले तर ती कोळी कीड. पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड, पानांच्या आतल्या बाजूनेही मारा.

छाटणी हिवाळ्यात, फक्त हिरव्या शेंड्यांची. पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलं, तर तिथून सहसा पुन्हा फुटवा येत नाही.