घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस: विकतचा की फुकटचा?

नवा लॅपटॉप घेताना बिलात अँटिव्हायरसची डबी जोडण्याचा आग्रह दुकानदार बहुतेक वेळा करतोच, आणि वर्षभराने पडद्याच्या कोपऱ्यात 'आपले संरक्षण संपत आले आहे' अशी लाल पाटी झळकू लागली, की पैसे पुन्हा भरावेत की एखादे फुकटचे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे, हा प्रश्न घरात निघतो. त्याचे उत्तर शोधण्याआधी आपल्या संगणकात सध्या काय चालू आहे, हे पाहून घ्यावे. पुष्कळ घरांत पुरेसे संरक्षण आधीपासूनच असते आणि ते कोणी उघडून पाहिलेलेच नसते.

विंडोज असलेल्या संगणकावर स्टार्ट मेन्यूत 'विंडोज सिक्युरिटी' शोधून ती खिडकी उघडावी. तिच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' नावाचा दुवा असतो आणि तेथे कोणता अँटिव्हायरस सक्रिय आहे हे नावानिशी दिसते. दुसऱ्या कंपनीचे काहीही बसवलेले नसेल, तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे नाव दिसेल. विंडोज व्हिस्टाच्या काळात हा डिफेंडर केवळ हेरगिरी करणारी सॉफ्टवेअर पकडण्यापुरता होता, त्यामुळे 'विंडोजसोबत येते ते कामाचे नसते' असा जो समज तेव्हा रूढ झाला, त्याला आधार होता. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मात्र तो पूर्ण अँटिव्हायरस झाला आहे, तरीही जुना समज दुकानांच्या काउंटरवर अजून टिकून आहे.

नव्या लॅपटॉपवर उत्पादकाने एखाद्या कंपनीची काही दिवसांची चाचणी आवृत्ती आधीच भरून दिलेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. असे दुसरे सॉफ्टवेअर सक्रिय असेपर्यंत डिफेंडर आपणहून बाजूला होतो. चाचणीची मुदत संपल्यावर ते सॉफ्टवेअर तसेच पडून राहिले, तर डिफेंडरने पुन्हा ताबा घेतला आहे की नाही हे गृहीत न धरता वर सांगितलेल्या ठिकाणी स्वतः तपासावे. सर्वांत वाईट अवस्था म्हणजे मुदत संपलेला, नव्या व्हायरसांची माहिती न मिळणारा अँटिव्हायरस. कारण त्याचे चिन्ह कोपऱ्यात दिसत राहते आणि घरातल्या सर्वांना आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहते.

डिफेंडर पुरेसा आहे का, याचे उत्तर जाहिरातीत किंवा शेजाऱ्याच्या अनुभवात शोधू नये. जर्मनीतील माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळा घरगुती सॉफ्टवेअरच्या चाचण्या नियमित घेतात आणि निकाल आपापल्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतील असे ठेवतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकाच्या वेगावरील परिणाम आणि वापरातील सुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. एकाच निकालावर जाऊ नये. मागचे तीन-चार निकाल ओळीने पाहावेत. आपला संगणक जुना, ४ जीबी रॅमचा आणि साध्या हार्ड डिस्कचा असेल, तर वेगाचा रकाना संरक्षणाच्या रकान्याइतकाच काळजीने वाचावा, कारण संगणक रखडू लागला की वैतागून अँटिव्हायरस बंद करणारा कोणीतरी प्रत्येक घरात असतो. या निकालांत डिफेंडर गेली अनेक वर्षे विकतच्या सॉफ्टवेअरच्या बरोबरीने किंवा थोडा मागे दिसतो. माझ्या मते ज्या घरात एक-दोन संगणक आहेत, विंडोज अधिकृत आहे आणि अद्ययावत ठेवली जाते, तेथे केवळ व्हायरस पकडण्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही.

मात्र डिफेंडर आहे तसा सोडून देऊ नये. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जाऊन रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणे चालू आहेत का ते पाहावे. शेवटचे बटण चालू असले, की एखाद्या प्रोग्रामला डिफेंडर गुपचूप बंद करता येत नाही. त्याच पानावर खाली 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन' असते आणि त्यातील 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही सोय मुळात बंद असते. ती चालू केल्यावर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरमधील फाइली अनोळखी प्रोग्रामला बदलता येत नाहीत. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपुढे ही सोय फार मोलाची आहे. तिच्या दोन अडचणी मात्र आधीच जाणून घ्याव्यात. हिशेबाचा डेटा किंवा मुलांचे फोटो डी ड्राइव्हवर ठेवलेले असतील, तर तो फोल्डर संरक्षित यादीत आपल्याला स्वतः जोडावा लागतो. शिवाय मराठी टंकलेखनाचे किंवा हिशेबाचे एखादे जुने सॉफ्टवेअर फाइल जतन करताना अडवले जाऊ शकते. अशा वेळी पूर्ण सोय बंद न करता त्या एका प्रोग्रामला परवानगी द्यावी.

इतर कंपन्यांच्या फुकट आवृत्त्यांकडे वळण्यापूर्वी त्या फुकट का आहेत, हे समजून घेणे आवश्यक आहे. बहुतेकांचा उद्देश साधा असतो: ग्राहकाला सवय लावावी आणि अधूनमधून खिडक्या उघडून विकतच्या आवृत्तीकडे ओढावे. हे त्रासदायक असले तरी गैर नाही. परंतु फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या अवास्ट या कंपनीचे प्रकरण याच्या पलीकडचे आहे. वापरकर्ते कोणती संकेतस्थळे पाहतात याची तपशीलवार माहिती या कंपनीने जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा व अशी माहिती जाहिरातीसाठी न विकण्याचा आदेश दिला. जंपशॉट त्याआधीच, २०२० मध्ये, बंद झाली होती. म्हणून फुकटचे सॉफ्टवेअर बसवताना 'पुढे' हे बटण दाबत सुटण्याऐवजी माहिती गोळा करण्यास संमती देणाऱ्या खुणा काढाव्यात आणि ब्राउझरला जोडली जाणारी विस्तारके (एक्स्टेन्शन्स) नाकारावीत. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, त्यामुळे यांतून निवड करणे म्हणजे चार वेगवेगळ्या दुकानांत चौकशी करणे नव्हे.

आणखी एक अट हमखास नजरेतून सुटते. अनेक फुकट आवृत्त्यांचा परवाना केवळ वैयक्तिक वापरापुरता असतो. घरच्याच संगणकावर शिकवणीचे शुल्क, दुकानाचा हिशेब किंवा अशिलांची विवरणपत्रे हाताळली जात असतील, तर तो वापर व्यावसायिक ठरू शकतो आणि परवान्याचा मजकूर वाचूनच पुढे जावे लागते. तसेच मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती चाचणीचे दिवस संपल्यावर फक्त सांगितले तेव्हा तपासणी करते, सतत पहारा देत नाही. दुसरे मत घेण्यासाठी ती उत्तम, पण एकटीवर विसंबण्याजोगी नाही.

मग पैसे कोणी मोजावेत? घरात दोन लॅपटॉप, तीन फोन आणि गावी आई-वडिलांचा एक संगणक असेल आणि सर्वांवर एका ठिकाणाहून लक्ष ठेवायचे असेल, तर अनेक उपकरणांचा एकत्रित परवाना सोयीचा पडतो. अडचण आल्यावर फोनवर माणूस हवा असेल, तर तेही पैसे देण्याचे खरे कारण आहे. या बाबतीत देशी कंपन्यांचा विचार अवश्य करावा. कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी पुण्यात उभी केलेली क्विक हील कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीच्या छोट्या व्यवसायातून वाढली आणि २०१६ साली शेअर बाजारात नोंदली गेली. चेन्नईची के७ हीदेखील जुनी कंपनी आहे. ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील, तर गुणांच्या तक्त्यातील अर्ध्या गुणापेक्षा त्यांच्या भाषेत बोलणारा, जवळचा विक्रेता अधिक उपयोगाचा, असे मला वाटते. याउलट व्हीपीएन (इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणारी सोय), संगणकाचा वेग वाढवू म्हणणारे 'पीसी ट्यून-अप' आणि पासवर्ड सांभाळण्याची सोय यांच्यासाठी महागडी आवृत्ती घेऊ नये. पासवर्ड ठेवण्याची चांगली सोय फुकटही मिळते आणि ट्यून-अपने जुना संगणक नवा होत नाही.

खरेदी करताना पहिल्या वर्षाच्या सवलतीच्या किमतीला भुलू नये, नूतनीकरणाची किंमत विचारावी, कारण दोहोंत मोठी तफावत असू शकते. कार्डाने ऑनलाइन पैसे भरल्यास 'ऑटो रिन्यूअल' बहुधा आपोआप चालू होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी ठरावीक वसुली होण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना मिळायला हवी. तो एसएमएस जाहिरात समजून पुसून टाकू नये आणि नको असेल तर तेथूनच ती रद्द करावी. पैसे वाचवायचेच असतील, तर तीन वर्षांच्या नूतनीकरणाच्या खर्चात बऱ्याचदा एक बाहेरची हार्ड डिस्क येते. तिच्यावर महिन्यातून एकदा फाइलींची प्रत घेऊन ती संगणकापासून काढून ठेवली, तर रॅन्समवेअर आले तरी फोटो परत मिळतात. ही खात्री कोणताही अँटिव्हायरस देत नाही.

विकतचे असो वा फुकटचे, काही गोष्टी या सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेर राहतात. विंडोज १० चे नियमित अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती २०२८ पर्यंत पुरवणार असली, तरी विंडोजमध्येच सापडणारी भोके त्याने बुजत नाहीत. त्यासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अद्यतनांची नोंदणी करावी किंवा विंडोज ११ कडे जावे. विंडोज वा ऑफिस 'ॲक्टिव्हेट' करून देणारी बेकायदा साधने वापरण्याआधी अँटिव्हायरस बंद करण्यास सांगतात, आणि तसे केल्यावर कोणता अँटिव्हायरस चांगला ही चर्चा निरर्थक ठरते. बँकेतून बोलतो असे सांगून ॲनीडेस्कसारखे, आपले उपकरण दुरून चालवू देणारे ॲप घ्यायला लावणाऱ्यांपुढेही हे सॉफ्टवेअर सहसा गप्प राहते, कारण ते ॲप कायदेशीर असते. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

पेन ड्राइव्हचा विषय मात्र आपल्याकडे वेगळा काढून बोलायला हवा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलेल्या पेन ड्राइव्हमधील फोल्डरच्या चिन्हावर छोटा बाण दिसू लागला आणि प्रत्येकाचा आकार एक-दोन केबी दिसला, तर खरे फोल्डर लपवून त्याच नावाचे शॉर्टकट तयार झालेले आहेत. त्यावर दोनदा क्लिक केल्यास फोल्डर उघडतो, म्हणून संशय येत नाही, पण सोबत व्हायरसही चालतो. अशा वेळी घाबरून ड्राइव्ह फॉरमॅट करू नये. आधी अँटिव्हायरसने संपूर्ण ड्राइव्ह तपासावा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण करून आणि सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूण काढून खरे फोल्डर बाहेर आणावेत. केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्रही व्हायरस काढण्याची साधने विनामूल्य देते. ती क्विक हील, के७ आणि ईस्कॅन यांच्या सहकार्याने तयार झालेली आहेत.

निवड पक्की झाली की जुने सॉफ्टवेअर आधी पूर्ण काढावे. एका वेळी दोन अँटिव्हायरस सतत पहाऱ्यावर ठेवू नयेत, कारण ते एकमेकांना अडवतात आणि संगणक मंदावतो. साध्या पद्धतीने ते निघत नसेल, तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर काढून टाकण्याचे वेगळे साधन मिळते. संगणक पुन्हा सुरू करून नवे सॉफ्टवेअर बसवावे, अद्ययावत करावे आणि एक संपूर्ण तपासणी करावी. पहारा खरोखर चालू आहे का, हे पाहण्यासाठी आयकार या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल उपलब्ध केली आहे. ती उतरवून घेण्याचा प्रयत्न करताच अँटिव्हायरसने आरडाओरड केली, तर सारे ठीक आहे. ती फाइल निमूटपणे डाउनलोड्समध्ये येऊन पडली आणि उघडल्यावरही काही झाले नाही, तर 'मॅनेज प्रोव्हायडर्स' पुन्हा उघडून काय बंद राहिले आहे ते शोधावे.