लिनक्समध्ये नेटवर्क इंटरफेसला स्थिर आयपी पत्ता देणे

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला स्थिर आयपी पत्ता (नेटवर्कवरील न बदलणारा ओळख क्रमांक) देण्याच्या कामाचे दोन वेगळे भाग असतात आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ सुरू होतो. कर्नेलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) त्या क्षणी असलेली नेटवर्कची मांडणी बदलणे हा पहिला भाग. असा बदल तत्काळ लागू होतो, पण संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो पुसला जातो. तीच मांडणी एखाद्या व्यवस्थापक प्रोग्रॅमच्या फाइलीत लिहून ठेवणे, म्हणजे ती दरवेळी आपोआप लागू होईल, हा दुसरा भाग. आधी तात्पुरता बदल करून खात्री करून घ्यावी आणि मगच फाइलीला हात लावावा, हा क्रम सर्वांत सुरक्षित आहे. पुढे दिलेल्या कमांड देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांचे भान ठेवून टाइप करायच्या आहेत. बदल करणाऱ्या कमांडना प्रशासकाचे अधिकार लागतात, त्यामुळे त्यांच्या आधी ‘सुडो’ जोडावे.

सुरुवात पाहणीने करावी. ‘आयपी -बीआर अ‍ॅडर’ ही कमांड दिली की संगणकावरील प्रत्येक इंटरफेस (संगणकाला नेटवर्कशी जोडणारा दुवा), त्याची अवस्था आणि त्याचे पत्ते एकेका ओळीत दिसतात. जुन्या लेखांत आढळणारी ‘इफकॉन्फिग’ ही कमांड अनेक वितरणांत (उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या प्रकारांत) आता आपोआप बसवली जात नाही, आणि तिची सवय नव्याने लावून घेण्याचे काही कारणही नाही. यादीतील ‘एलओ’ हा लूपबॅक, म्हणजे संगणकाने स्वतःशीच बोलण्याचा इंटरफेस १२७.०.०.१ हा पत्ता घेऊन बसलेला असतो. त्याला हात लावू नये. तारेच्या जोडणीचे नाव बहुधा ‘एनपी३एस०’ (रोमन लिपीत enp3s0) असे असते. त्यातील ‘ईएन’ म्हणजे इथरनेट आणि पुढचे आकडे म्हणजे ते कार्ड मदरबोर्डवरील कोणत्या बसवर आणि कोणत्या स्लॉटमध्ये आहे त्याची खूण. वायफायच्या नावाची सुरुवात ‘डब्ल्यूएल’ या अक्षरांनी होते. ‘आयपी लिंक’ या कमांडच्या उत्तरात ‘नो-कॅरिअर’ असे शब्द दिसले, तर इंटरफेस सुरू आहे पण तारेच्या पलीकडून काहीच प्रतिसाद नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी आधी तार आणि स्विच तपासावा, कारण आयपी पत्ता कितीही अचूक दिला तरी त्याचा उपयोग होणार नाही.

आता पत्ता निवडायचा. खासगी नेटवर्कसाठी १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत आणि आपले नेटवर्क यांपैकी एखाद्याच्या छोट्या भागात असते. समजा नेटवर्क १९२.१६८.१.०/२४ आहे आणि राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. /२४ याचा अर्थ पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ बिट नेटवर्कचे, म्हणजेच जुन्या पद्धतीने लिहिलेला २५५.२५५.२५५.० हा मास्क. उरलेल्या ८ बिटांत २५६ पत्ते बसतात आणि त्यांतील पहिला व शेवटचा वगळता २५४ पत्ते संगणकांना देता येतात. राउटर डीएचसीपीद्वारे (आपोआप पत्ते देण्याच्या पद्धतीने) जे पत्ते वाटतो त्यांचा पट्टा राउटरच्या सेटिंगमध्ये पाहून त्याच्या बाहेरचा पत्ता घ्यावा, अन्यथा राउटर तोच पत्ता उद्या दुसऱ्या यंत्राला देऊन टाकेल. पत्ता मोकळा आहे का हे केवळ पिंग करून (त्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहून) ठरवू नये, कारण अनेक यंत्रांची फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही.

तात्पुरत्या बदलासाठी आधी ‘आयपी लिंक सेट एनपी३एस० अप’ आणि मग ‘आयपी अ‍ॅडर अ‍ॅड १९२.१६८.१.२०/२४ डेव्ह एनपी३एस०’ अशा कमांड द्याव्यात. येथे /२४ लिहायला विसरल्यास कर्नेल /३२ गृहीत धरतो, म्हणजे या नेटवर्कवर आपल्याखेरीज कोणीच नाही असे समजतो. मग गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा राउटर) द्यायला गेल्यावर तो गेटवे अवैध असल्याची तक्रार येते आणि चूक मात्र आधीच्या कमांडमध्ये असते. दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की नवा पत्ता दिल्याने जुना जात नाही. एका इंटरफेसवर अनेक पत्ते राहू शकतात, त्यामुळे डीएचसीपीने दिलेला आधीचा पत्ता नको असेल तर तो ‘आयपी अ‍ॅडर डेल’ या कमांडने स्वतंत्रपणे काढावा लागतो. शेवटी ‘आयपी राउट अ‍ॅड डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१’ या कमांडने बाहेर जाण्याचा मार्ग द्यावा.

पडताळणी आतून बाहेर करत जावी. पहिल्यांदा गेटवेला पिंग करावे, नंतर बाहेरच्या एखाद्या ठाऊक आयपी पत्त्याला, आणि सर्वांत शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिल्या दोन पायऱ्या पार पडून तिसरीत अडले, तर दोष डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत) आहे, इंटरफेसमध्ये नाही. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फाइलीत १२७.०.०.५३ असा पत्ता दिसला तर गोंधळू नये. तो ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ या स्थानिक सेवेचा असतो आणि खरे डीएनएस सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या कमांडने कळतात. ती फाइल हाताने बदलण्याचा मोह टाळावा, कारण तिचा मालक असलेला प्रोग्रॅम ती पुन्हा लिहून काढतो.

कायमस्वरूपी मांडणीकडे वळताना पहिला प्रश्न हाच की या इंटरफेसचा व्यवस्थापक कोण आहे. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ या कमांडच्या उत्तरात इंटरफेससमोर ‘कनेक्टेड’ दिसले तर तो नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यात आहे आणि ‘अनमॅनेज्ड’ दिसले तर दुसऱ्या कोणाच्या तरी. एका इंटरफेसला एकच व्यवस्थापक असावा. दोन ठिकाणी दोन वेगळ्या मांडण्या लिहिल्या की कधी एक जिंकते, कधी दुसरी, आणि असा दोष शोधणे फार किचकट ठरते.

नेटवर्कमॅनेजर असेल तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ या कमांडने जोडणीचे गुणधर्म बदलावेत. येथे नाव इंटरफेसचे नव्हे तर जोडणीच्या प्रोफाइलचे द्यायचे असते; ते ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ या कमांडने मिळते आणि त्यात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत लिहावे. पत्ता, गेटवे, डीएनएस आणि ‘आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल’ हे सर्व एकाच कमांडमध्ये द्यावे. नुसता पत्ता लिहून पद्धत ‘ऑटो’च राहू दिली तर स्थिर पत्त्याबरोबर डीएचसीपीचा पत्ताही येत राहतो, आणि पत्ता न देता पद्धत ‘मॅन्युअल’ केली तर कमांड नाकारली जाते. हे बदल ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’ दिल्यानंतरच लागू होतात.

उबुंटूमध्ये १७.१० या आवृत्तीपासून नेटप्लॅन (फाइलीत लिहिलेली मांडणी लागू करून घेणारा प्रोग्रॅम) आहे. त्याच्या फाइली ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘नेटप्लॅन’ या फोल्डरमध्ये यामल पद्धतीने लिहिलेल्या असतात, आणि यामलमध्ये टॅब चालत नाही. ओळी स्पेसनेच आत सरकवाव्या लागतात. जुन्या लेखांतील ‘गेटवे४’ हा शब्द आता कालबाह्य मानला जातो; त्याऐवजी ‘राउट्स’खाली ‘टू’समोर ‘डीफॉल्ट’ आणि ‘व्हाया’समोर गेटवेचा पत्ता लिहावा. फोल्डरमध्ये एकाहून अधिक फाइली असतील तर त्या एकत्र करून वाचल्या जातात, म्हणून इन्स्टॉलरने आधीच्या फाइलीत चालू ठेवलेले डीएचसीपी आपल्या फाइलीत स्पष्टपणे बंद करणे आवश्यक असते. डेबियनच्या अनेक सर्व्हरवर मात्र ‘ईटीसी’मधील ‘नेटवर्क’ या फोल्डरातली ‘इंटरफेसेस’ ही एकच साधी फाइल पुरते, आणि त्या फाइलीत नोंदलेल्या इंटरफेसच्या वाटेला डेबियनमधील नेटवर्कमॅनेजर जात नाही.

संगणक दूर असेल आणि एसएसएचवरून (दूरच्या संगणकाचे टर्मिनल वापरण्याच्या सोयीने) काम चालू असेल, तर एक चुकीची ओळ आपलाच मार्ग बंद करू शकते. नेटप्लॅनमध्ये यासाठी ‘नेटप्लॅन ट्राय’ ही सोय आहे: १२० सेकंदांत पुष्टी दिली नाही तर ती सहसा जुनी मांडणी परत आणते. इतरत्र तात्पुरत्या बदलाचा तात्पुरतेपणाच कामी येतो. बदल करण्याआधी ‘शटडाउन -आर +१०’ देऊन दहा मिनिटांनी संगणक पुन्हा सुरू होईल असे ठरवून ठेवावे. संपर्क टिकला तर ‘शटडाउन -सी’ देऊन ते रद्द करावे, तुटला तर संगणक आपोआप जुन्या मांडणीवर येईल. अर्थात हा उपाय फाइल बदलण्यापूर्वीच्या चाचणीपुरताच आहे. फाइल बदलून झाल्यावर तो वाचवू शकत नाही, म्हणून मूळ फाइलीची प्रत आधी काढून ठेवावी.

तार आणि वायफाय दोन्ही जोडलेले असतील तर दोन डीफॉल्ट मार्ग तयार होतात आणि ज्याचे मेट्रिक (मार्गाचा क्रम ठरवणारा आकडा) कमी त्याला प्राधान्य मिळते. नेटवर्कमॅनेजर तारेच्या जोडणीला १०० आणि वायफायला ६०० मेट्रिक देतो, त्यामुळे सर्वसाधारणपणे तारेलाच पसंती मिळते. तारेचे नेटवर्क केवळ अंतर्गत असेल आणि त्यातून इंटरनेटकडे मार्गच नसेल, तर त्या जोडणीला गेटवे देऊच नये. प्रत्येक इंटरफेसला गेटवे हवाच ही समजूत चुकीची आहे. नेमका कोणता मार्ग वापरला जात आहे हे ‘आयपी राउट गेट’ या कमांडपुढे गंतव्य पत्ता लिहिल्यास लगेच कळते. सर्व जुळल्यावर संगणक एकदा पुन्हा सुरू करून पाहावा, आणि पत्ता आला नाही तर ‘जर्नलसीटीएल -बी -यू’ या कमांडपुढे व्यवस्थापकाच्या सेवेचे नाव देऊन त्याच्या नोंदी वाचाव्यात. फाइल वाचताना अडचण आली असेल तर तिचा उल्लेख बहुधा तेथेच सापडतो.