पाणी सांडलं तर सांडू द्या: लहान मुलांना घरकाम शिकवताना या चुका टाळा

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की कामात लुडबुडायला लागतं. झाडू ओढतं, पाण्यात हात घालतं, दिवसभर "मी करणार, मी करणार" चालू असतं. ओतणं, पुसणं, घडी घालणं, गुंडी लावणं शिकवायला याहून चांगलं वय नाही. आणि नेमकी याच वयात मोठ्यांना घाई सुटते. काम झटपट व्हावं, नीट व्हावं, त्याचा फोटोही चांगला यावा. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ या घाईत आहे. घराघरांत त्याच त्या चुका बघून वाईट वाटतं, म्हणून एकदाच सगळं लिहिते आहे.

भरलेला जग हातात देणं

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. एका ओळखीच्या घरी साडेतीन वर्षांच्या मुलाला पाणी ओतायला दिलं होतं. लिटरभराचा प्लास्टिकचा जग, तोही गळ्यापर्यंत भरलेला, आणि समोर इवलासा पेला. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो वजन. पोरानं दोन्ही हातांनी जग उचलला, तिरका केला आणि पाणी बदाबदा आलं. पेला आडवा, टेबल ओलं, कपडे ओले. "तरी सांगत होते, तुला जमणार नाही," असं म्हणत आईनं जग उचलून ओट्यावर ठेवला. मुलगा कोपऱ्यात जाऊन बसला. त्याच्या हातांत काही खोट नव्हती. त्या जगातून त्या पेल्यात मोठ्या माणसानंही जपूनच ओतलं असतं.

मी त्यांच्याकडून चोच असलेलं एक छोटं भांडं मागून घेतलं. पेल्यात मावेल त्याहून थोडं कमी पाणी त्यात घातलं, म्हणजे सगळं ओतलं तरी पेला वाहणार नाही. खाली ट्रे आणि ट्रेच्या कोपऱ्यात मुलाच्या मुठीत मावेल एवढा स्पंज. मग एकदा, न बोलता, सावकाश ओतून दाखवलं. ओतून झाल्यावर शेवटचा थेंब चोचीला लोंबत राहतो. तो पेल्याच्या काठाला टेकवून टिपला. मुलाची नजर त्या थेंबावर खिळली. नंतर तो ओतायला बसला तो जेवणाची हाक येईपर्यंत उठला नाही. पेला भरायचा, थेंब टिपायचा, पाणी परत भांड्यात. मध्ये दोनदा सांडलं तेव्हा स्पंज त्यानं आपणहून उचलला.

पाण्याच्याही आधी कोरडं धान्य द्यावं, मी तसंच करते. दाणा सांडला तर दिसतो आणि उचलता येतो. "आमचं मूल हुशार आहे, थेट पाण्यापासूनच सुरू करू" हा उतावळेपणा मला अजिबात पटत नाही.

एक सक्त सूचना: तीन वर्षांखालच्या किंवा अजून वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाच्या हाती मणी, छोट्या गुंड्या, कडधान्याचे दाणे देऊ नका. घशात अडकतात. पाण्याचं काम चालू असेल तर जागचं हलू नका, आणि झालं की बादली लगेच रिकामी करा. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं.

मुलाच्या पाठीमागे तेच काम पुन्हा करणं

मूल टेबल पुसून वळतं न वळतं तोच मोठं माणूस फडकं घेऊन पुढे येतं. मुलानं घातलेली घडी मोडून नव्याने घालतं. मुलाला कळत नाही असं आपण धरून चालतो. त्याला बरोबर कळतं. आपण केलेलं काम मोजलं जात नाही, हे एकदा लक्षात आलं की ते काम सोडून देतं, आणि मग सहाव्या-सातव्या वर्षी "आमचं कार्टं इकडची काडी तिकडे करत नाही" ही तक्रार सुरू होते.

माझी सवय अशी, की वाकडं झालं तरी मला चालेल तेच काम मुलाला द्यायचं. पाहुण्यांसाठीच्या चादरीची घडी द्यायची नाही, हातरुमालाची द्यायची. रुमालाच्या मधोमध रंगीत दोऱ्यानं धावदोरा घालून ठेवला की कुठे दुमडायचं ते मुलाला विचारावं लागत नाही. दोऱ्यावर बोट फिरवतं आणि दुमडतं. तरीही एखादं काम पुन्हा करणं भाग असेल तर मूल झोपल्यावर करा.

दाखवताना तोंड चालू ठेवणं

हात चालू असताना बोलू नका. मूल एक तर हाताकडे बघेल, नाहीतर तोंडाकडे. हालचाल नेहमीपेक्षा कितीतरी सावकाश करा आणि "असं नाही, असं" हे शब्द गिळून टाका.

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी आपली पहिली शाळा सुरू केली. तिथे त्यांनी मुलांना एकदा नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं शिंकरायचं, एवढाच तो धडा. संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. नाकावरून बोलणी सगळ्यांनीच दिली होती, शांतपणे करून कुणी दाखवलं नव्हतं. ही गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगते.

बक्षिसाचं आमिष

"टेबल पुसलंस तर स्टिकर देईन." कशाला? त्याला पुसायचंच होतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्राबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी चित्रं काढायला बसली. काम झालं की "टेबल कोरडं झालं" एवढं म्हणा. पुरतं.

छोट्या चुका

खेळण्यातली साधनं देणं. ज्या झाडूनं कचरा निघत नाही त्यानं मूल काय शिकणार? खराच झाडू द्या, दांडा कापून आखूड केलेला.

एकाच दिवशी दहा कामांचे दहा ट्रे मांडणं. दोन-तीन पुरे.

गुंड्या थेट अंगातल्या शर्टावर शिकवणं. आधी शर्ट टेबलावर पसरा, मोठ्या गुंड्या आणि सैल काजं निवडा. बुटाच्या नाडीची गाठ सगळ्यांत शेवटी, पाच-सहा वर्षांच्या आसपास.

बाहेर पडायच्या गडबडीत शिकवायला बसणं. त्या वेळी सरळ तुम्हीच गुंड्या लावा आणि संध्याकाळी निवांत बसा.

अडलं तर

धान्य मुद्दाम उधळत असेल तर रागावू नका, पण चालवूनही घेऊ नका. "आज हे आवरून ठेवू" म्हणा, दाणे दोघं मिळून वेचा, ट्रे उचला. दुसऱ्या दिवशी थोडं अवघड काम द्या, दाण्यांऐवजी चिमट्यानं कापसाचे गोळे उचलायचं. उधळणारं मूल पुष्कळदा कंटाळलेलं असतं.

दोन मिनिटांत उठून जात असेल तर जाऊ द्या. हाक मारून परत बसवू नका. ट्रे हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवा आणि काही दिवस विषयच काढू नका.

रोज ओतणारं मूल एकाएकी ट्रेकडे बघेनासं झालं तर बहुधा त्याचा हात बसलेला असतो. ट्रे काढून घ्या आणि जेवायच्या वेळी घरातल्यांचे पेले भरायचं काम त्याच्याकडे द्या.