गावाला हातभार खरेदीच्या काट्यापासून: घरच्या डाळ मिलसाठी पक्की कामं

लातूर, उदगीर, जालना, परभणी या पट्ट्यात अनेक डाळ मिल घरच्याच आहेत. वडील खरेदी बघतात, थोरला यंत्रं, धाकटा विक्री. अशा घराला गावासाठी काही करायचं म्हटलं की आधी आठवते ती देणगी: शाळेला बाकडी, सप्त्याची पंगत. ते जरूर करावं. पण ज्याच्या तुरीवर क्विंटलमागे दोन किलो जास्तीचा कडता (वजनातली वजावट) कापला, त्याचं नुकसान पंगतीने भरून निघत नाही. म्हणून सुरुवात काट्यापासून करा.

काटा आणि ओल

इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी करून घ्या आणि प्रमाणपत्र काट्याशेजारीच लावा. आकडे दाखवणारी पट्टी शेतकऱ्याकडे तोंड करून हवी. 20 किलोचं मुद्रांकित वजन ठेवून रोज सकाळी माल घेण्याआधी काटा तपासा. बारदान्याची वजावट अंदाजाने करू नका. दहा रिकामी पोती एकदम तोला आणि सरासरी काढा.

खरी भांडणं ओलीवरून होतात. तुरीत 12 टक्के ओल प्रमाण धरली, तर वजावटीचा हिशेब सरळ आहे: 100 मधून मालाची ओल वजा करा आणि येणाऱ्या आकड्याला 88 ने भागा, मग मालाच्या वजनाने गुणा. 14 टक्के ओलीचे 100 किलो म्हणजे 86 भागिले 88, प्रमाण ओलीवर 97.73 किलो. वजावट 2 किलो 270 ग्रॅम. 13 टक्क्यांना ती 1 किलो 140 ग्रॅम येते आणि 15 ला 3 किलो 410 ग्रॅम. हा तक्ता मोठ्या अक्षरात भिंतीवर रंगवा. त्यापेक्षा एक ग्रॅमही जास्त कापायचा नाही, आणि हा नियम आधी घरच्यांनी पाळायचा.

ओल मोजणाऱ्या मीटरवर तुरीचंच सेटिंग आहे ना, ते दर वेळी बघा. थप्पीतल्या पाच-सहा पोत्यांतून परखीने (पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार नळी) नमुना घ्या. वरच्या एकाच पोत्यातून घेतला तर आकडा फसवा येतो. नुकताच उन्हातून उचललेला गरम माल सावलीत निवू द्या, मगच मोजा. ज्याची तूर ओली निघाली त्याला परत पाठवू नका, वाळवायला ओटा आणि ताडपत्री द्या. भाडं खर्चून आलेला माणूस परत गेला की वाटेत मिळेल त्या भावाला माल देऊन मोकळा होतो.

चुकारा

शेतकऱ्याच्या मालाचे पैसे त्याच दिवशी, थेट खात्यावर. ते जमत नसेल तर बहुतेक वेळा खेळत्या भांडवलाचा हिशेब चुकलेला असतो. रोज 100 क्विंटल खरेदी आणि 7,000 रुपये भाव धरला तर दिवसाला 7 लाख लागतात. तूर घेतल्यापासून डाळीचे पैसे हातात पडायला 25 दिवस लागत असतील, तर 1 कोटी 75 लाख अडकतात. बँकेच्या कर्जाची मर्यादा 1 कोटी असेल तर उरलेले 75 लाख न सांगता शेतकऱ्याच्याच खिशातून येतात. मर्यादा हंगामाआधी वाढवून घ्या किंवा खरेदी कमी करा. व्यापाऱ्याला दिलेल्या उधारीची मुदत 10 दिवसांनी कमी झाली, तर वरच्या हिशेबात 70 लाख मोकळे होतात.

गावातला वेल्डर आणि सुटे भाग बनवणारा कारखानदारही याच हिशेबात धरा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात.

एका गावात एक वाण

दाणा लहान-मोठा आणि मिसळ असला की टरफल सारखं निघत नाही. मोठा दाणा फुटतो, बारीक तसाच राहतो, चुनी (डाळीचा बारीक चुरा) वाढते. त्यामुळे एकसारख्या वाणात गावाचा आणि मिलचा दोघांचा फायदा आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन-711 (पांढरी) आणि बीडीएन-716 (लाल) हे वाण आपल्या भागात माहितीचे आहेत. जवळच्या शेतकरी उत्पादक कंपनीशी मृगाच्या आधी बसा आणि कुठला वाण, किती एकर, बाजारभावावर किती वाढ, हे लेखी ठरवा. बाजार समितीबाहेर खरेदी करायची असेल तर थेट पणन परवाना आधी काढा.

वाढ किती द्यायची हे मिलच सांगेल. एकाच वाणाचे 50 क्विंटल आणि मिसळ 50 क्विंटल वेगवेगळे भरडा. दोन्हींतली डाळ, चुनी, टरफल तोला आणि जो फरक निघेल त्यातला निम्मा शेतकऱ्याला द्या. चुनी बाहेर विकण्याआधी गावातल्या दूधवाल्यांना मिलच्याच दरात विचारा.

हंगामाचं काम

तुरीची आवक डिसेंबरअखेर वाढते, आणि नेमकी तेव्हा बीड-धाराशिवकडची माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. मुकादमाची (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतली जाते. दिवाळीत कामाची जाहिरात देऊन उपयोग नाही. पोळ्याच्या आसपास किती माणसं, किती महिने, काय मजुरी हे सांगा आणि उचलीची गरज पडू नये म्हणून थोडी रक्कम आगाऊ द्या, बिनव्याजी, पावती करून. घर न हलता काम मिळालं तर मुलांची शाळा सुटत नाही. गावासाठी याहून मोठं काम मिलला सहसा करता येत नाही.

आयटीआयची मुलं शिकाऊ म्हणून घ्या. 30 किंवा जास्त माणसं असतील तर हे कायद्यानेच बंधनकारक आहे, कमीत कमी अडीच टक्के. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, महिना 1,500 रुपयांपर्यंत, सरकार देतं. निवडणी-पॅकिंगला बायका असतील तर स्वतंत्र स्वच्छतागृह आणि धुळीसाठी मास्क आधी, मग बाकीचं.

घरातला ठराव आणि पाणी

समाजकामाचे पैसे गल्ल्यातून काढले की दोन वर्षांत भावाभावांत कुरबुर सुरू होते. नफ्याचा ठरावीक टक्का भागीदारीच्या करारात लिहा, वेगळं खातं उघडा, दोघांच्या सह्या ठेवा. कामं गावातली दोन-तीन माणसं बसवून निवडा.

पहिलं काम मिलच्या छपराचं घ्यावं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला त्याचं कारण सांगायची गरज नाही. 5,000 चौरस फुटांचा पत्रा म्हणजे 465 चौरस मीटर. 700 मिलिमीटर पावसात, पाचवा हिस्सा वाया गेला तरी, सुमारे 2 लाख 60 हजार लिटर पाणी मिळतं. पन्हळीतून ते खडी-वाळूच्या गाळणीत आणि तिथून बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडा. डाळ मिलच्या पत्र्यावर टरफलाचा भुसा साचलेला असतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर जायला वेगळी तोटी ठेवा. ती नसेल तर पहिल्याच हंगामात गाळणी तुंबते. वाळूचा वरचा थर दरवर्षी मे महिन्यात काढून धुवून घ्या.