आयईएलटीएस लिसनिंग: एकच चाचणी तीनदा
आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लिसनिंगची, म्हणजे ऐकण्याच्या पेपरची, तयारी म्हणजे रोज एक सराव चाचणी सोडवायची आणि वहीत गुण टिपायचे, अशी बहुतेकांची समजूत असते. मग आठवडेच्या आठवडे गुण २४-२५ भोवती घुटमळतात आणि ‘आपले कानच कच्चे’ असा निष्कर्ष निघतो. कान सहसा ठीक असतात. चूक कोणत्या जातीची होती, हे मात्र तपासलेलं नसतं.

रचना आधी सांगून टाकू. ४ भाग, प्रत्येकी १० प्रश्न, वेळ सुमारे ३० मिनिटं. पहिल्या भागात रोजच्या व्यवहारातलं दोघांचं संभाषण, दुसऱ्यात एकाच माणसाने दिलेली माहिती, तिसऱ्यात अभ्यासाशी संबंधित चर्चा, चौथ्यात व्याख्यान. परीक्षेचा प्रकार ॲकॅडमिक असो की जनरल ट्रेनिंग, हा पेपर एकच. ऑडिओ एकदाच वाजतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे जागा कोरी सोडू नका. साधारण २३ बरोबर उत्तरांना ६ बँड (निकालाची श्रेणी, कमाल ९), ३० ला ७ आणि ३५ ला ८ मिळतो. म्हणजे सहावरून सातवर जायला ७ उत्तरं वाढवायची आहेत, आणि त्यातली बरीचशी तुम्हाला ऐकू आलेली असतात. ती कागदावर उतरताना बिघडतात.

म्हणून एक चाचणी तीन वेळा वापरा. पहिल्यांदा परीक्षेसारखी: न थांबवता, मागे न नेता. उत्तरं तपासा, पण लिखित संहिता अजून उघडू नका. दुसऱ्यांदा फक्त चुकलेल्या प्रश्नांचे तुकडे लावा, हवे तितके वेळा. तेव्हा ऐकू आलं तर अडचण लक्षाची किंवा वेगाची होती. दहादा लावूनही नाही आलं तर ती उच्चार ओळखण्याची. तिसऱ्यांदा संहिता समोर ठेवून ऐका आणि ज्या वाक्यात उत्तर होतं ते अधोरेखित करा. शेजारी प्रश्नातलं वाक्य लिहा. खरी शिकवणी इथे होते. गाळलेल्या जागा भरताना उत्तराचा शब्द जसाच्या तसा कानावर पडतो, पण त्याच्या आजूबाजूचे शब्द बदललेले असतात. प्रश्नात ‘चीप’ असेल तर बोलणारा ‘इट डझन्ट कॉस्ट मच’ म्हणेल. ‘चीप’ची वाट पाहणाऱ्याच्या हातून उत्तर निसटतं. बहुपर्यायी प्रश्नांत उलटा खेळ असतो: अनेकदा तिन्ही पर्यायांचा उल्लेख होतो आणि बरोबर पर्यायच वेगळ्या शब्दांत येतो. ऐकलेला शब्द पर्यायात दिसला की लगेच खूण करणं हा सर्वात महाग मोह.

चुकांची वही ठेवा, पण ‘आज ६ चुकले’ असली नको. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. काही कारणं हटकून येतात. शेवटचा ‘एस’ गळणं हे त्यांत पहिलं. ‘टिकेट्स’ हवं तिथे ‘टिकेट’ लिहिलं की गुण गेला. वाक्याचं व्याकरण आधी पाहिलं तर अनेकवचन हवं आहे हे बरेचदा आधीच कळतं. दुसरं स्पेलिंग: ‘अकोमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम. ब्रिटिश आणि अमेरिकी, दोन्ही स्पेलिंगं चालतात. तिसरं शब्दमर्यादा: सूचना एका शब्दाची असताना दोन लिहिले, तर अर्थ बरोबर असूनही शून्य. ही सूचना प्रत्येक प्रश्नसंचाला वेगळी असू शकते.

पहिल्या भागातली नावं आणि आकडे सोपे वाटतात, म्हणूनच तिथे गाफीलपणा होतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’मध्ये फरक जोर कुठे पडतो याचा आहे, मराठीत आपण जोराकडे फारसं लक्ष देत नाही, त्यामुळे हा सराव मुद्दाम करावा लागतो. ‘डबल थ्री’, शून्यासाठी ‘ओ’, इंग्रजी ‘ए’ आणि ‘ई’, ‘जी’ आणि ‘जे’ यांची गल्लत होते. ऑस्ट्रेलियन उच्चारातला ‘ए’ तर ‘आय’कडे झुकतो. रोज दहा मिनिटं कोणाकडून तरी स्पेलिंगं आणि फोन नंबर वाचून घेऊन उतरवा. शिवाय बोलणारा आपलं म्हणणं बदलतो: आधी मंगळवार, मग ‘ॲक्च्युअली’, मग गुरुवार. ‘बट’, ‘सॉरी’, ‘ॲक्च्युअली’ ऐकलं की पेन्सिल थांबवायची.

प्रश्न वाचायला मिळणारे सेकंद सगळे प्रश्न पाठ करण्यासाठी नसतात. दोन कामं करा: जागेत नाम येईल की आकडा हे ठरवा, आणि प्रश्नातला न बदलणारा शब्द, म्हणजे नाव, वर्ष, ठिकाण, पकडा. उत्तरं ऑडिओत प्रश्नांच्या क्रमानेच येतात, म्हणून ते शब्द मैलाच्या दगडांसारखे उपयोगी पडतात. नकाशाच्या प्रश्नात सुरुवातीची जागा कुठे आहे हे आधी शोधा; ती चुकली की पुढचं सगळं उलटं पडतं. चौथ्या भागात मध्ये विराम नाही, दहाही प्रश्न सलग. तिथे एक उत्तर हुकलं की त्याच्यामागे धावू नका, पुढच्या प्रश्नाच्या शब्दावर नजर ठेवा. एका हुकलेल्या उत्तराच्या शोकात पुढची तीन जातात.

कागदी परीक्षेत उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात. संगणकावर तपासायला फक्त २. त्यामुळे संगणकावर परीक्षा देणाऱ्याने ऐकता ऐकता टाइप करण्याचाच सराव करावा. कागदावर देणाऱ्याने उतरवताना क्रमांक जुळतोय ना हे दर पाच उत्तरांनी पाहावं. एक ओळ सरकली की खालचं सगळं सरकतं.